वसुधाताईंचा निरोप

हातात चहाचे दोन कप घेऊन मी ओपीडीच्या दारात आले तेव्हा माझ्या नवऱ्याचा तळवा एका परक्या बाईच्या तळव्याला टेकलेला होता.

बाकावर शेजारीशेजारी बसून दोघं हात मापत होती. कुणाचा पंजा मोठा ते लहान मुलं बघतात ना, तसं. बाई चाळिशीची असेल. तिची बोटं शेट्यांच्या बोटांपेक्षा पेरभरच आखूड होती.

"हरलात तुम्ही," शेटे म्हणाले.

"लांबीत हरले. जाडीत बघा की!" बाईचा आवाज पुरुषासारखा, खर्जातला होता. "माझी अंगठी सोनारानं दोनदा कापली. तुमची?"

"एकदाच. परत घातलीच नाही."

आणि दोघं हसली. शेटे तोंड उघडून, दातांमधल्या फटी दिसतील असे हसले. घरी हसू आलंच तर ते तोंडावर हात धरायचे.

मी माझ्या नवऱ्याला शेटेच म्हणते. ते मोजणी खात्यात भूकरमापक, मी कऱ्हाडच्या पंचायत समितीत आवक-जावक लिपिक. कचेऱ्या जवळजवळ. लग्नाआधी दोन वर्षं त्यांचं आडनावच कानावर पडत होतं, ते जिभेवर राहिलं. समोर मात्र 'अहो'.

मला पाहून त्यांनी हात काढून घेतला. दचकून काढला असता तर मला बरं वाटलं असतं. पण सावकाश काढला, काही चुकल्यासारखा नाही.

"ही गिरिजा, माझी मिसेस," ते म्हणाले. "आणि या वसुधा ढमढेरे. सासवडला बालवाडी चालवतात. यांनाही आपलंच आहे."

आपलंच. आपलंच म्हणजे त्यांचं आणि तिचं. माझं त्यात काय होतं?

मग त्यांनी माझ्या हातातला एक कप घेऊन तिला दिला आणि दुसरा स्वतः तोंडाला लावला. मी रिकाम्या हातांनी उभी राहिले.

त्यांचं म्हणजे ॲक्रोमेगॅली. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिच्यावर साधी गाठ येते, आणि ती गाठ वाढीचं हार्मोन सोडत सुटते. वाढीचं वय संपलेलं असतं, त्यामुळे माणूस उंच होत नाही. हात रुंदावतात, पाय पसरतात, हनुवटी पुढे येते, कपाळाचं हाड फुगतं. हे इतकं हळूहळू होतं की रोज बघणाऱ्याला कळत नाही. मलाही कळलं नाही. कळलं ते दातांच्या डॉक्टरांना. तोवर शेट्यांचे बूट आठ नंबरावरून अकरावर गेले होते. नाकातून ऑपरेशन झालं, बरीचशी गाठ निघाली, आणि सात वर्षं बरी गेली. मग त्या वर्षी रक्तातले आकडे पुन्हा चढायला लागले.

त्या सात वर्षांचा प्रत्येक कागद माझ्या निळ्या फायलीत तारीखवार लावलेला होता. डॉक्टर नाबर मॅडम कौतुकानं म्हणायच्या, "माझ्याकडे सापडत नाही ते तुमच्या मिसेसकडे सापडतं, शेटे."

त्या दिवशी मॅडमनी कागदावर ग्रंथी काढली, तिच्या बाजूला मोठी रक्तवाहिनी काढली आणि तिला चिकटलेलं एक टिंब.

"उरलेली गाठ ही इथं आहे. म्हणून पहिल्या वेळी सोडून द्यावी लागली. हा कॅन्सर नाही, उद्याच काही करायला हवं असं नाही. पण तुमची साखर वाढली आहे, हृदय थोडं जाड झालंय. दुर्लक्ष करून चालणार नाही. रस्ते तीन. दुसरं ऑपरेशन करता येईल. थोडी आणखी निघेल, पूर्ण निघेलच असं मी म्हणणार नाही. डोळ्याची नस जवळ आहे, चांगली ग्रंथीही जवळ आहे, दोन्हींना धोका. दुसरा रस्ता महिन्याच्या इंजेक्शनचा. लागू पडलं तर आकडे खाली येतात, पण घेत राहावं लागतं, वर्षानुवर्षं. तिसरा रेडिएशनचा. त्याचा गुण यायला काही वर्षं जातात, आणि पुढं कधीतरी चांगली ग्रंथीही सुकू शकते. मग बाकीची हार्मोन्स गोळ्यांनी घ्यायची. तीनपैकी एकही चूक नाही. तुम्हाला कशाबरोबर जगणं जमेल ते बघायचं. काय वाटतं?"

"ऑपरेशन," मी म्हणाले.

"मी शेट्यांना विचारलं."

शेटे त्या टिंबाकडे बघत होते. "विचार करतो," म्हणाले.

सहा आठवड्यांनी मंगळवारी ठरवून यायचं, असं ठरलं. बाहेर आलो तर वसुधाताई अजून तिथंच. त्यांनी शेट्यांच्या केसपेपरच्या पाठीवर आपला नंबर लिहून दिला. "कधीही फोन करा, शिवानंद. इथं आडनावानं फक्त सिस्टर हाक मारते."

शिवानंद. सासूबाई गेल्यापासून त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

पुण्याहून कऱ्हाडला येताना एसटीत मी विचारलं, "काय म्हणत होती ती बाई?"

"काही नाही. बुटांचं बोलत होतो."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. दिसायला बरी असती तर काय करायचं ते मला कळलं असतं. चार घरी घडतं तसं म्हणून भांडले असते, बहिणीकडे रडले असते. पण जाड ओठ, पुढं आलेली हनुवटी, चपलेबाहेर आलेली टाच. रस्त्यानं जाताना लोक वळून बघत असतील, अशा बाईचा हेवा वाटतो हे कुणाला सांगणार? मी चांगली दिसायचे हो. अजूनही बायका म्हणायच्या. आणि ते चांगलं दिसणं त्या बाकावर काडीच्या उपयोगाचं नव्हतं.

दर गुरुवारी दिवेलागणीला शेटे फोन घेऊन गॅलरीत जायला लागले. मुलगी शिकायला सांगलीला, हॉस्टेलवर. घरात आम्ही दोघंच. मी भाकऱ्या थापताना कान तिकडं. मला वाटायचं, उपचारांचं बोलत असतील. तेवढंच बोलले असते तर मी सोसलं असतं. पण मला ऐकू यायचं ते भलतंच. चष्म्याची फ्रेम कानामागं कशी रुतते. घोरण्यामुळं ती भावाच्या घरी लग्नाला गेली असताना तिला गच्चीवर कसं झोपवलं. बालवाडीतल्या एका पोरीनं तिला विचारलं की बाई, तुम्ही राक्षसाच्या गावाहून आलात का, आणि ती म्हणाली, हो, पण चांगल्या राक्षसाच्या. यावर शेटे इतके हसले की त्यांना ठसका लागला.

माझ्यासमोर चुकून पाय लांब केले तरी ते चटकन आत ओढून घ्यायचे. आणि तिला घोरण्याच्या गोष्टी सांगत होते.

माझ्याशी बोलताना ते 'वसुधाताई' म्हणायचे. फोनवर नुसतं 'वसुधा'. आणि 'तुम्ही' जाऊन कधीतरी 'तू' झालं होतं.

चौथ्या आठवड्यात खात्याच्या कामाला म्हणून ते पुण्याला गेले आणि पायात नवे बूट घालून आले. तपकिरी, मऊ, पायाच्या आकाराचे. सात वर्षं मी त्यांच्या बुटांच्या बाजू ब्लेडनं चिरून देत होते आणि वरून पॉलिश करून चीर झाकत होते.

"कुठं मिळाले?"

"मापानं शिवणारा एक कारागीर आहे. वसुधाताई घेऊन गेल्या."

"मला सांगितलं असतं तर मी शोधला नसता?"

"सात वर्षांत शोधला का?" त्यांनी हे चिडून विचारलं नाही. खरंच विचारलं. म्हणून जास्त लागलं.

"बूट मिळाले, आता उपचारही त्याच ठरवणार वाटतं? अहो, मी सांगतेय ना, ऑपरेशन करून एकदाचं मोकळं होऊया. महिन्या महिन्याला सुया कुठवर टोचून घेणार?"

"वसुधाताईंचंही दुसरं ऑपरेशन झालंय. त्यांच्या वेळी—"

"मला त्यांचं काही ऐकायचं नाही."

ते थांबले. बूट काढून त्यांनी दाराशी नीट जोडीनं ठेवले. पुन्हा विषय काढला नाही. मला वाटलं, मी जिंकले.

मंगळवार दोन दिवसांवर आला. रविवारी सकाळी शेटे अंघोळीला गेले होते आणि त्यांचा फोन टेबलावर वाजला. नाव आलं, वसुधा.

"शिवानंद, ऐक—"

"ते अंघोळीला गेलेत. मी गिरिजा."

"बरं झालं तुम्हीच भेटलात." आवाज नेहमीपेक्षा खोल गेलेला होता. "मी पुण्याला दवाखान्यात आहे, तिसऱ्या मजल्यावर. पोट बिघडलं, उलट्या झाल्या, हार्मोनच्या रोजच्या गोळ्या पोटात टिकल्या नाहीत. बीपी पडलं. आता बरी आहे. मंगळवारी खाली ओपीडीत दिसणार नाही, तर त्यांनी काळजी करू नये म्हणून फोन केला. आणि त्यांना म्हणावं, नाबर मॅडमना आधी छोट्या इंजेक्शननं चाचणी घ्यायला सांगा. सोसलं, लागू पडलं, तर महिन्याचं घ्यायचं. नाही पडलं तर बाकीचे रस्ते कुठं पळून जात नाहीत."

"सांगते."

"आणखी एक, ताई. राग मानू नका. त्यांना म्हणावं, मला विचारत बसू नकोस, बायकोबरोबर बसून ठरव. मी दोनदा सांगितलं त्यांना. म्हणतात, तिच्यासमोर मला बोलताच येत नाही. ते तुम्हाला घाबरतात हो."

मी फोन ठेवला. माझ्याच घरातली गोष्ट ती बाई मला सासवडहून, नाही, दवाखान्याच्या खाटेवरून सांगत होती. माझा नवरा मला परत देत होती, एखादी वापरायला नेलेली वस्तू पुसून परत करावी तशी. वाईट बोलली असती तर उलट उत्तर देता आलं असतं. ती चांगलं बोलली होती. तिच्या हातून मिळालेला नवरा मला नको होता.

शेटे केस पुसत बाहेर आले. "कुणाचा फोन होता?"

"वसुधाताईंचा."

"काय म्हणाल्या?"

नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत आलेला एक कागद मी कधी दाबून ठेवला नाही की त्यातला शब्द बदलला नाही. त्या सकाळी बदलला.

"ऑपरेशन करून टाका म्हणाल्या."

टॉवेल धरलेला त्यांचा हात थांबला. "वसुधाताई म्हणाल्या?"

"हो."

"नक्की?"

"आता काय लिहून देऊ?"

ते पलंगाच्या कडेवर बसले. केसांतून पाणी बनियनवर गळत होतं. मग म्हणाले, "मग त्यांना काहीतरी दिसलं असणार. करूया."

"आणि बऱ्या आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"बऱ्या आहेत."

मी स्वयंपाकघरात आले आणि आमटीत दोनदा मीठ घातलं. गेले सहा आठवडे मी जे वाक्य घसा सुकेपर्यंत म्हणत होते, ते तिच्या नावावर चढवल्याबरोबर मंजूर झालं होतं. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि इतकी हरल्यासारखी मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

मंगळवारी ओपीडीत शेट्यांनी सगळे बाक बघितले. "आल्या नाहीत वाटतं," म्हणाले. मी फाइल उघडून कागद लावत बसले. ते लावलेलेच होते.

नाबर मॅडमनी विचारलं, "ठरलं?"

"ऑपरेशन करू," शेटे म्हणाले.

"चालेल. कशावरून ठरवलंत?"

"वसुधाताई म्हणाल्या."

मॅडमचं पेन थांबलं. "वसुधा ढमढेऱ्यांनी सांगितलं? ऑपरेशन करा म्हणून?"

"हो. हिच्याजवळ निरोप दिला."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी फायलीकडे पाहिलं.

"असं करा," त्या म्हणाल्या, "सर्जनसाठीची चिठ्ठी मी दुपारी देते. त्या वर तिसऱ्या मजल्यावर ॲडमिट आहेत. भेटायला या म्हणून कालपासून तुमची चौकशी करताहेत. आधी त्यांना भेटून या."

"ॲडमिट?" शेटे माझ्याकडे वळले.

लिफ्टपुढे गर्दी होती. शेट्यांचे गुडघे दुखायचे, तरी ते जिन्यानं निघाले. कठड्याला धरून एकेक पायरी. मी मागून. पहिल्या मजल्यावर वाटलं, आता सांगावं. दुसऱ्या मजल्यावर ते श्वास घ्यायला थांबले आणि एवढंच म्हणाले, "बऱ्या आहेत म्हणालीस."

वसुधाताई खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. हाताला सलाइन. जवळ कुणी नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला तिची सून मोसंबी सोलून देत होती.

"आलास! मिळाला ना निरोप?"

"मिळाला. तू म्हणालीस तसं मॅडमना ऑपरेशनचं सांगून आलो."

त्यांचा चेहरा हलला नाही. मग त्यांनी मान अख्खी वळवून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा प्रथम माझ्या लक्षात आलं की डाव्या बाजूचं बघायचं असलं की त्या नेहमी अशी अख्खी मान वळवतात.

"दुसऱ्या ऑपरेशनात माझा हा डोळा गेला, शिवानंद," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचा जातो असं नाही. म्हणून तुला करू नको असंही मी कधी म्हटलं नाही. पण कर असं कसं म्हणेन?"



"गिरिजाताई," वसुधाताई हळू आवाजात म्हणाल्या, "मी काय म्हणाले होते?"

मला नाकारता आलं असतं. तुम्हीच असं म्हणालात, फोन नीट ऐकू येत नव्हता, काहीही. पण ती बाई माझ्यावर ओरडली नाही, मला उघडं पाडलं नाही. तिनं नुसतं विचारलं आणि वाट बघत राहिली. मी सांगितलं. पहिल्यापासून, शब्दाला शब्द. छोट्या इंजेक्शनचं, बायकोबरोबर ठरव म्हणाल्याचं, आणि 'ते तुम्हाला घाबरतात' तेही. मोसंबी सोलणाऱ्या सुनेचे हात थांबले होते.

"का?" शेट्यांनी विचारलं.

"तुम्ही त्यांचं ऐकता. माझं ऐकत नाही."

"माझा डोळा गेला असता तर?"

"मला त्यांचं माहीत नव्हतं."

"मी सांगत होतो. तू ऐकून घेतलं नाहीस."

ते खाटेच्या पायथ्याशी असलेल्या स्टुलावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मोठे हात, लपवायला जागा नव्हती, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"आता तुझं सांग," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या नावानं नको. ऑपरेशन तुला एवढं का हवंय?"

माझ्याजवळ कारणं तयार होती. साखर, हृदय, वय, सगळं फायलीत होतं. पण तोंडातून भलतंच गेलं.

"तुम्ही पहिल्यासारखे दिसाल म्हणून."

म्हणाले आणि मलाच ऐकू आलं. सात वर्षांत मी हे स्वतःलाही म्हटलं नव्हतं.

शेट्यांनी मान हलवली. "हाडं परत लहान होत नाहीत, गिरिजा. नाबर मॅडमनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तू लिहून घेतलं होतंस."

लिहून घेतलं होतं. कुठल्या पानावर, तेही मला ठाऊक होतं.

वसुधाताईंनी शेटे पाहिले होते ते याच चेहऱ्याचे. त्यांना त्यात काही हरवल्यासारखं दिसत नव्हतं, म्हणून शेटे त्यांच्यासमोर तोंड उघडून हसत होते. मी मात्र रोज त्यांच्याशी बोलताना त्यांच्या मागं कुणी उभं असल्यासारखी बघत होते. आणि ते त्यांना कळत होतं. इतकी वर्षं कळत होतं.

मी रडले नाही. रडले असते तर दोघांनी मिळून माझी समजूत घातली असती, आणि ते मला सहन झालं नसतं.

"सलाइन संपत आलंय," वसुधाताई म्हणाल्या. "कुणीतरी सिस्टरला हाक मारा बाबा."

मी गेले.

परत आले तर शेटे व्हरांड्यातल्या बाकावर बसलेले. शेजारी जागा ठेवली होती. मी बसले.

"ऑपरेशनची भीती वाटते," ते म्हणाले. "मागच्या वेळी दोन दिवस दोन्ही नाकपुड्यांत बोळे होते. मला वाटायचं, मी पाण्यात बुडतोय. तोंडानं श्वास घेऊन घेऊन जीभ लाकडासारखी झाली होती."

"मी तर खाटेशीच होते. बोलला नाहीत."

"तू लघवीचं माप लिहीत होतीस. मॅडमनी सांगितलं होतं ना, तासातासाला. मनापासून लिहीत होतीस. मधेच काय बोलायचं?"

दुपारी आम्ही पुन्हा नाबर मॅडमकडे गेलो. शेट्यांनीच सांगितलं, "आधी इंजेक्शनची चाचणी घेऊ. आणि ऑपरेशन नको असं नाही, पण आज नको." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही बोलले नाही. पहिल्यांदाच त्या खोलीत माझी फाइल न उघडता बाहेर आली.

इंजेक्शन सोसलं. पहिले दोन महिने पोट बिघडायचं, मग सवय झाली. सहा महिन्यांत आकडे निम्म्यावर आले. दर चौथ्या आठवड्याला कऱ्हाडलाच एक सिस्टर घरी येऊन द्यायच्या. चार वर्षांनी उरलेल्या टिंबावर रेडिएशन झालं, तेही आम्ही दोघांनी बसून ठरवलं, दोन संध्याकाळी भांडून. पुढं मॅडमनी सांगितलं होतं तशी ग्रंथी सुकली, आणि आता शेटे रोज सकाळी तीन गोळ्या घेतात. साखर आहे, गुडघे आहेत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. चालताहेत, फिरताहेत.

त्या खोट्याबद्दल ते मला पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. फक्त पुढची दोन-तीन वर्षं मी कुणाचाही निरोप सांगितला, अगदी दूधवाल्याचा, तरी ते क्षणभर थांबायचे आणि विचारायचे, "असंच म्हणाला?" मी म्हणायचे, "असंच." आणि आमच्यापैकी कुणीही त्यावर हसायचं नाही.

गुरुवारचे फोन चालू राहिले. मी गॅलरीचं दार लावून घ्यायला शिकले. मत्सर गेला असं म्हणणं खोटं होईल. तो राहिला, पण त्यानं माझ्या तोंडून बोलणं सोडलं.

वसुधाताई अधूनमधून कऱ्हाडला यायला लागल्या. शेवटच्या आल्या त्याला आता तीन वर्षं झाली. शेटे बाजारात गेले होते आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. त्यांच्या बोटांना बारीक शेंगा धरता येत नव्हत्या, त्या मोठ्या तेवढ्या वेचून घेत होत्या. बोलता बोलता एकदम म्हणाल्या,

"एक विचारू, गिरिजाताई? शिवानंद आधी कसा दिसायचा हो? मी त्याला दोन-तीनदा विचारलं, तो टाळतो. एखादा फोटोही दाखवत नाही."

माझ्या हातातली शेंग उघडी राहिली.

"इतकी वर्षं झाली," मी म्हणाले. "आता नाही आठवत."

मला सगळं आठवत होतं. निमुळती हनुवटी. सरळ नाक. उन्हात मोजणी करून आले की टोपीच्या रेघेपर्यंत रापलेलं कपाळ आणि वर गोरा पट्टा. हसण्याआधी डावी भुवई जराशी उचलली जायची, आणि मग कचेरीच्या आवारात कुठंही असले तरी मला ते हसू ओळखू यायचं. पलीकडच्या खोलीत, कपाटाच्या वरच्या फळीवर, अल्बमही होता.

वसुधाताईंनी मान वळवून माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि माझ्यापुढची परात आपल्याकडे ओढून घेतली.